कोळशावरची वॅगन

वलवण, १५ नोव्हेंबर १९४२, रविवार

आज मोटार घेतली.

इंजिनावर होतो तेव्हा ड्रायव्हरची वही लिहावी लागे. किती वाजता सुटलो, कुठे किती मिनिटं गेली, दोष कोणाचा. बावीस वर्षं लिहिली आणि एकदाही खोटं लिहिलं नाही. ही वहीही तशीच लिहिणार. खाडाखोड झाली तरी चालेल, पान फाडायचं नाही.

गाडी लोणावळ्याच्या एका हॉटेलाची. पाहुण्यांना स्टेशनावरून आणायला ठेवलेली. पुढून मोटार, मागून लाकडी पेटी, दोन्ही अंगांना गुंडाळायचे पडदे. मॅनेजर म्हणाला, "हिला स्टेशन वॅगन म्हणतात." मी म्हटलं, वॅगन म्हणजे काय ते मला शिकवू नका, चाळीस-चाळीस वॅगनी दौंडापर्यंत ओढल्यात.

बारा वर्षांची जुनी आहे. पेट्रोलचं रेशन झाल्यापासून विटांवर उभी होती आणि आत कोंबड्या राहत होत्या. एक कोंबडी अंड्यांवर बसलेली, ती काही केल्या उतरेना. शेवटी तिच्यासकट बैल जुंपून गाडी वलवणपर्यंत ओढत आणली. कस्तुरा ओट्यावर उभी होती. म्हणाली, "मोटारीसंगं कोंबडी दिली, का कोंबडीसंगं मोटार?" बायकोला थट्टाच सुचते.

गाडी का घेतली ते एकदाच लिहितो. जूनमध्ये रेल्वेच्या डॉक्टरने मला इंजिनावरून उतरवलं. लोकरीचे दोरे पुढे टाकले आणि म्हणाला, लाल वेचा. मी वेचले. म्हणाला, यातले तीन तपकिरी आहेत. मी काय शिंपी आहे? मग लांब भिंतीवर ठिपके मोजायला लावले. शेवटी म्हणाला, महिपती, तुम्हाला शेडमध्ये बैठं काम देऊ. ज्याने घाटाखालची वळणं झोपेतसुद्धा सांगावीत, त्याला बैठं काम! मी नोकरीला लाथ मारून घरी आलो.

आता हीच वॅगन लोणावळा ते तळेगाव रोज चालवून दाखवणार. लढाईमुळे रेल्वेच्या गाड्या पलटणींनी भरलेल्या असतात, गरिबाला पाय ठेवायला जागा नाही. लोक माझ्या गाडीत बसतील आणि स्टिअरिंगवर मी असेन. मी ड्रायव्हर आहे, हे त्या डॉक्टरला कधीतरी कळेल.

१७ नोव्हेंबर

नूरमहंमद आला. अकरा वर्षं माझा फायरमन होता. मी नोकरी सोडल्यावर आठवड्यातच त्यानेही सोडली. खांदा दुखतो म्हणाला. दुखताना मला तरी कधी दिसला नाही. दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरशी त्याचं जमलं नसतं हे मात्र खरं.

त्याने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, "डायवरसायब, हिला चालवनार कशावर? महिन्याच्या कुपनात तर कामशेतापातुर बी जानार न्हाई."

मी म्हटलं, "कोळशावर."

बराच वेळ हसला. मग म्हणाला, "मंग फायरमन लागंलच की."

२९ नोव्हेंबर

बारा दिवस काम चालू आहे. पुण्यात लॉऱ्या लाकडी कोळशाच्या गॅसवर धावतात, त्यांपैकी एक दिवसभर जवळून पाहून आलो. जादू काही नाही. मागे टाकी, टाकीत कोळसा, खाली निखारा. हवा मोजून आत जाते, धूर गॅस होऊन नळीने पुढे येतो, वाटेत काथ्यातून गाळला जातो आणि इंजिन तोच पितं. सुरू करताना चमचाभर पेट्रोल, पुढे सगळा कोळशाचा कारभार.

पेट्रोलच्या इंजिनाला हात लावताना मी आजवर बिचकत होतो. आता आग, हवा आणि नळ्या आल्या. आता ते माझ्या मुलुखात आलं आहे.

पेटीची मागची फळी कापून तिथे टाकी बसवली. शेजारी नूरमहंमदला उभं राहण्यापुरती पायरी ठेवली. आत दोन लांब बाक ठोकले. कोंबडीची अंडी फुटून पिल्लं निघाली, आता तरी ती उतरेल.

१३ डिसेंबर

गाडी चालली! वलवण ते कार्ला, परत वलवण. चढाला म्हातारीसारखी धापा टाकते, अर्धी ताकद राहिली आहे, पण चालते. ऐनाच्या लाकडाचा कोळसा उत्तम, बाकी सगळा कचरा.

येताना नूरमहंमदने चालू गाडीत टाकीचं झाकण उघडलं, आत किती उरलाय ते बघायला. आत हवा शिरली, गॅस मेला आणि इंजिन जागेवर बंद पडलं. वर ज्वाळेचा भपकाही उठला. मी त्याला फैलावर घेतलं. चालत्या गाडीत झाकणाला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला.

२० डिसेंबर

पुढची काच जुनी होऊन दुधाळ झाली आहे. समोरचं सगळं धुरकट दिसतं. नवी काच सांगितली.

२८ डिसेंबर

नवी काच बसवली. वाण्याने फसवलं. हीही तसलीच.

४ जानेवारी १९४३, सोमवार

पुण्याला जाऊन लायसन काढलं. इन्स्पेक्टरने ब्रेक, भोंगा, वळण सगळं पाहिलं. मग मैदानापलीकडे उभ्या लॉरीचा नंबर वाचायला सांगितलं. मी खडखडीत वाचला, चार एक सात. नूरमहंमदला वाटेत दिसेल त्या गाडीचा नंबर मोठ्याने म्हणायचा नाद आहे, त्यामुळे तो आकडा सकाळपासून कानात होताच. पण मी वाचलाही.

गंमत म्हणजे नूरमहंमदनेही परीक्षा दिली आणि लायसन घेतलं. म्हटलं, फायरमनला लायसन कशाला? म्हणाला, "आलोच हाय तर घिऊन ठिवतो. खायला मागतंय व्हय ते?" हा गाडी चालवायला शिकला कधी, हे मला ठाऊक नाही. मी दुपारी आडवा होतो तेव्हा गाडी अंगणातून हललेली असते, ती यामुळेच असणार.

१४ जानेवारी

संक्रांत. आज गाडी सुरू केली. सकाळी सहाला लोणावळा स्टेशनाबाहेरून निघालो. नऊ माणसं, भाजीच्या चार पाट्या, एक शेळी. तळेगावला पोचलो, परत आलो. अपघात नाही, बिघाड नाही, उशीर सतरा मिनिटं, दोष शेळीचा.

कस्तुरा पुढे माझ्या शेजारी बसली. मला वाटलं एक दिवस हौस म्हणून बसेल. पण उतरल्यावर म्हणाली, "म्या रोज येनार. घरात बसून करू काय?" मी म्हटलं, शेजारी बसायचं तर फुकट बसता येणार नाही. इंजिनावर रीत असते. पुढचा सिग्नल एकाने मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने तो पुन्हा उच्चारायचा. लाल असेल तर लाल, मोकळा असेल तर मोकळा. दोघांच्या तोंडून आल्याशिवाय गाडी पुढे न्यायची नाही. नूरमहंमद पुन्हा उच्चारायला चुकला की मी अख्खा प्रवासभर त्याला बोलत असे. तीच रीत इथे लावली. वळण आलं, जनावर आलं, गाडी आली की तिने सांगायचं, मी उच्चारायचं.

शिस्त म्हणून लावली. दुसरं काही कारण नाही.

२२ जानेवारी

कस्तुरा सिग्नल सांगते खरी, पण निम्म्या गप्पाच असतात. "डाव्या अंगाला सोपानची म्हस. लय वाळली बगा. सोपानची बायकू माह्येरी गेली, म्हशीकडं बगनार कोन? म्होरं वळान. मोकळं." मी म्हटलं, इतकं सांगशील तोवर गाडी म्हशीच्या पोटात शिरेल. तर म्हणते, "शिरली का?"

नाही शिरली. बोलते बरोबर वेळेवर, हे मान्य केलं पाहिजे.

३ फेब्रुवारी

दोन्ही मडगार्डांच्या टोकाला बांबूच्या काठ्या बांधल्या आणि वर पांढऱ्या चिंध्या. गाडीची रुंदी कळायला बरं पडतं. वडगावात पोरं हसली. हसू द्या.

शाई फार पातळ मिळते. अक्षर मोठं काढावं लागतं, नाहीतर आपलंच आपल्याला लागत नाही. लढाईने सगळ्याच मालाची नासाडी केली.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. कामशेतहून एका पोटुशी बाईला तिच्या सासूने गाडीत घातलं, तळेगावच्या दवाखान्यात न्यायचं म्हणून. बाई कण्हत होती. टाकीत गॅस कमी, समोर चढ. नूरमहंमद मागे पंखा फिरवून आग फुलवतोय, कस्तुरा एक डोळा रस्त्यावर आणि एक हात मागे त्या बाईच्या हातात. मी गाडी अशी नेली की पाण्याचा पेला सांडला नसता. मुलगा झाला. सासू पाया पडायला लागली. मी म्हटलं, पाया पडू नका, पण डायवर कोण होता ते चार लोकांना सांगा.

परत येताना मला आनंदाने गाणं म्हणावंसं वाटलं. म्हटलंही. कस्तुरा म्हणाली, "गाऊ नगा, मला वरडाया येत न्हाई मंग."

९ मार्च

पुढची काच काढूनच टाकली. दोन काचा झाल्या, तेच. आता वारा थेट तोंडावर येतो, धूळही येते, पण काचेचा दोष गेला.

यंदा धुकं हटायलाच तयार नाही. मार्च उजाडला, आंबे मोहरले, तरी कार्ल्यापासून पुढे सगळं पांढुरकं. नूरमहंमदला म्हटलं, असं धुकं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. तो म्हणाला, "डायवरसायब, आपन टाकीवर बसा की एक दिस. मी बगतो म्होरलं. तुमच्यावानी आग मला लावाया येत न्हाई."

आग मला त्याच्यापेक्षा बरी लावता येते हे खरंच आहे. नुसत्या आवाजावरून मी सांगतो कोळसा कुठे पोकळ बसलाय. पण ड्रायव्हरने खाली उतरून फावडं धरायचं? हे त्याने बोलावं याचा राग आला. दिवसभर त्याच्याशी बोललो नाही.

१२ मार्च

अंगणात एक बाई उभी होती. मी विचारलं, कोण पाहिजे? बांगड्या वाजल्या तेव्हा कळलं, कस्तुराच. नवं लुगडं नेसली होती, म्हणून ओळखू आली नाही. ती आत गेली. नव्या लुगड्याचं कौतुक करायला हवं होतं.

२४ मार्च

कस्तुराला ताप आहे. दोन दिवस गाडी बंद ठेवली. लोक स्टेशनावर वाट बघून गेले. पाव्हण्यारावळ्यांची मोटार आहे का ही, मनात आलं की बंद? परवा काढणारच.

२६ मार्च, शुक्रवार

आज

आज गाडी काढली. कस्तुरा अंथरुणातून म्हणाली, "आजच्या दिस ऱ्हाऊ द्या. म्या उद्या येते." नूरमहंमद म्हणाला, "मी म्होरं बसतो, टाकी आपोआप चालंल तवर." टाकी आपोआप चालत नाही हे त्याला माझ्याइतकंच कळतं. दोघांनाही सुनावलं. मी बावीस वर्षं इंजिन चालवलं आहे, मला बायको शेजारी लागत नाही. त्याला मागे पाठवलं आणि निघालो.

जाताना सगळं ठीक झालं. परत येताना दहाच्या सुमाराला वलवणच्या आमच्या घराखालच्या चढावर होतो. आत अकरा माणसं. अचानक इंजिन मेलं. चढ असल्यामुळे गाडी चार हात जाऊन उभी राहिली. मला समजलं, झाकण. मी मागे वळून ओरडलो, झाकण कोणी उघडलं? नियम काय आहे? फायरमन आहेस का हमाल?

तेवढ्यात माझ्या पायाखालून, गाडीच्या अगदी नाकापाशी, माणसाचा आवाज आला. "आरं कोन हाय? थांबा, मी खाली हाय!"

कोळसेवाल्या गेणूची बैलगाडी होती. चाक निखळलं होतं. बैल सोडून तो गाडीखाली निजून आस बांधत होता. माझी बांबूची काठी त्याच्या गाडीच्या फळीला टेकली होती.

ऊन समोर होतं, त्यामुळे दिसलं नाही.

वरची ओळ खोडतो. सकाळचे दहा, गाडी लोणावळ्याकडे चाललेली. ऊन पाठीवर होतं. धुकंही नव्हतं, गेणूला विचारलं. तो म्हणाला, "धुकं? मार्गेसर गेल्यापून धुकं बगितलं न्हाई भाऊ."

मग मागून बांगड्या वाजल्या. कस्तुरा पळत आली होती, धापा टाकत होती. तिने ओट्यावरून गेणूचं चाक निखळताना पाहिलं, माझी वेळ झाली हे तिला ठाऊक होतं. माझ्या ट्रंकेतली रेल्वेची झेंडी काढून ती वळणावर येऊन उभी राहिली होती.

मी विचारलं, "कुठे उभी होतीस?"

"मदी रस्त्यात."

"बाजूला का नाही?"

"मंग तुमाला दिसली नसती म्हून. मदी हुबी ऱ्हायले, झेंडी दोनी हातानं धरली. तुमी आलाच. मंग म्या गटारात उडी घेतली."

झेंडी तिने माझ्या हातात दिली. मी ती डोळ्यांशी धरून पाहिली. लाल होती. मळलेली, पण लाल.

नूरमहंमदला ती दिसली होती म्हणून त्याने झाकण उघडलं. त्याच्या भुवया जळाल्या आहेत आणि डावं मनगट भाजलं आहे. त्याची बायको चाँदबी लोणी लावत बसली होती, माझ्याकडे बघेना. तो म्हणाला, "चूक माजी. लायसनच्या टायमाला त्यो लॉरीचा नंबर मी तुमाला सांगाया नगं हुता. वाटलं, आमी दोगं हाओत की संगं."

कस्तुराला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक होतं? ती म्हणाली, "दोन वर्सं झाली. तुमी मला तोंडावरून वळकतच न्हाई. बांगड्या वाजवत फिरते म्या घरात."

२७ मार्च

झोप नाही. गेणू डोळ्यापुढून जात नाही, आणि तो मला दिसलाही नव्हता. कस्तुराच्या घोट्याला सूज आहे. माझ्यामुळे. मी रडलो. हेही लिहिलं पाहिजे.

२८ मार्च

वहीत खोटं लिहायचं नाही असं पहिल्या पानावर लिहिलं आहे. म्हणून रीतीप्रमाणे अहवाल.

दिनांक २६ रोजी ड्रायव्हर महिपती याने लाल सिग्नल ओलांडला. सिग्नल योग्य अंतरावर, भरदिवसा, स्पष्ट दाखवलेला होता. दाखवणाऱ्याने आपला जीव धोक्यात घालून कर्तव्य केलं. फायरमनने नियम मोडून गाडी थांबवली, ते योग्यच केलं. काच, शाई, धुकं आणि ऊन यांचा दोष नाही. जूनमध्ये डॉक्टरने दिलेला निकाल बरोबर होता. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या ड्रायव्हरला इंजिनावरून उतरवतात. सदर ड्रायव्हरला आजपासून उतरवण्यात येत आहे.

सही मीच केली. दुसरा अधिकारी कुठून आणू?

३० मार्च

गाडी विकून टाकतो म्हणालो. कस्तुरा पहिल्यांदा भडकली. "डायवर ऱ्हायला न्हाईत म्हून गाडीनं बी मरायचं? त्या कामशेतच्या बाईनं पोराला दावायला यायचं म्हनलंय, ती काय चालत यील?" नूरमहंमद ओट्यावर बसून पट्टी बदलत होता. म्हणाला, "गाडीला डायवर हाय. फायरमन न्हाई." भुवया नसल्यामुळे त्याचा चेहरा लहान पोरासारखा दिसत असेल असं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं. तसाच दिसत होता.

मी म्हटलं, कोळसा चाळून ठेवलाय का? म्हणाला, न्हाई. म्हटलं, मग बसलास काय!

डोळे दाखवायला पुण्याला जायचं ठरलं, पुढल्या महिन्यात. मोतीबिंदू असेल तर काढतात म्हणे. जाईन. मात्र लोकरीचे दोरे वेचणार नाही.

२ एप्रिल, शुक्रवार

पहाटे चारला आग लावली. ऐनाचा कोळसा, सुपारीएवढे तुकडे, वरून मुठीने दाबून. असा गॅस आला की नूरमहंमदने पेट्रोलचा थेंबही वापरला नाही. अशी आग त्याला अकरा वर्षांत जमली नव्हती, तसं त्याला सांगितलं.

तो स्टिअरिंगवर बसला. कस्तुरा लंगडत येऊन शेजारी बसली. मी मागे पायरीवर उभा राहिलो, एक हात टाकीच्या दांड्यावर. पहिल्यांदा कळलं की तिथे किती धूर तोंडावर येतो. अकरा वर्षं इंजिनावर तो असाच धुरात उभा असायचा, आणि मी त्याला उच्चारायला उशीर झाला म्हणून शिव्या घालायचो.

परतताना घराखालच्या वळणाशी आलो. कस्तुराचा आवाज आला, "वळान! मोकळं!" गाडी हळू झाली. हळू झाली आणि थांबायला लागली. मला वाटलं गॅस कमी पडला. कान लावला तर आग उत्तम होती.

मी ओरडलो, "काय झालं?"

नूरमहंमद पुढून म्हणाला, "फायरमननं उच्चारायचं असतंय. दोगांच्या तोंडून आल्याबिगर गाडी न्ह्यायची न्हाई, अशी रीत हाय."

कस्तुरा वाट बघत होती, हे मला न बघता कळलं.

समोर मला पांढुरक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मी जोरात म्हणालो, "मोकळं!"

गाडी चढाला लागली. उशीर चार मिनिटं, दोष फायरमनचा.